न्यायमूर्तींनी गज कापले

दोघं सख्खी भावंडं, पण एका विषयावर एकमत झालंय असं घरात कुणी कधी पाहिलं नव्हतं. थोरले बंधू आयुष्यभर न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसले आणि निवृत्त झाल्यावर तीच खुर्ची मनातल्या मनात घरी घेऊन आले. आमटी खारट झाली तर बायकोला आधी आपली बाजू मांडायची पूर्ण संधी द्यायचे आणि मग तिच्याविरुद्ध निकाल. सगळे त्यांना न्यायमूर्तीच म्हणत, बायकोसुद्धा, फक्त तिच्या तोंडी ते जरा वेगळं वाजायचं.

धाकटी बहीण कॉलेजात समाजशास्त्र शिकवायची. आठवड्यातून एकदा तुरुंगात जाऊन कैद्यांचे वर्ग घ्यायची. माणूस बदलतो, त्याला बदलायला जागा द्यायला हवी, हे तिचं म्हणणं. घरात तिला छबू म्हणत आणि हे नाव घराबाहेर उच्चारायचं नाही अशी तिने सगळ्यांना सक्त ताकीद दिलेली होती.

न्यायमूर्तींनी वर्तमानपत्रात लेख लिहिला की तुरुंग म्हणजे आता पाहुण्यांची खोली झाली आहे, शिक्षा ही शिक्षेसारखी लागली पाहिजे. पुढच्याच आठवड्यात बहिणीने त्याच पानावर उत्तर दिलं, की लेखकांनी तुरुंगाचा आतला भाग कधी पाहिलेला नाही, त्यांनी फक्त माणसं आत पाठवली आहेत. मग भावाचं प्रत्युत्तर, मग बहिणीचं. आई हयात असती तर दोघांना दोन कोपऱ्यांत उभं केलं असतं. सरकारने त्याऐवजी दोघांना एकाच समितीवर घेतलं. तुरुंगांची पाहणी करून अहवाल द्यायचा. अध्यक्ष म्हणून एक दंतवैद्य नेमले, कारण त्यांनी उभ्या जन्मात कुणाला दुखावलेलं नव्हतं. शेवटी जो बोलेल त्याचं त्यांना पटायचं.

पाहणीच्या दिवशी तुरुंगाच्या अधीक्षकांनी तिघांचे फोन फाटकावर ठेवून घेतले आणि त्यांना चार नंबरच्या बराकीकडे नेलं. बराक बांधली होती वीस माणसांसाठी. आत होते सत्तरच्या आसपास. लांबट खोली, वर एक पंखा, तो फिरायचा की नुसताच हलायचा हे ठरवणं कठीण. टोकाला कमरेएवढ्या भिंतीआड एक संडास. सत्तरांत एक.

"बघितलंस?" बहीण म्हणाली.

"बघतोय," न्यायमूर्ती म्हणाले. "गर्दी आहे हे मान्य. पण मला काळजी वेगळीच वाटते. हे दार बघ. आपण आत शिरलो आणि दार उघडंच! याला बंदोबस्त म्हणायचं?"

"साहेब, तुम्ही आत आहात म्हणून उघडं ठेवलंय," दाराबाहेर उभे असलेले अधीक्षक म्हणाले. "आणि ते दार जरा..."

"सैल आहे. आवाजावरूनच कळतं." न्यायमूर्तींनी गज धरून दार जोरात आपल्याकडे ओढलं. दाराच्या अंगातलंच जुनं, जाडजूड कुलूप होतं, ते खाटकन बसलं.

"नाही, दणकट आहे," न्यायमूर्ती समाधानाने म्हणाले. "उघडा."

अधीक्षकांनी बाहेरून किल्ली घातली, फिरवली, जरा जोर लावला, आणखी जोर लावला. मग त्यांनी हात मागे घेतला तेव्हा हातात किल्लीचा अर्धाच भाग होता. ते त्याच्याकडे बघतच राहिले.

"ते दार जरा अडकतं," त्यांनी मघाचं वाक्य पुरं केलं.

बराकीत मागून कुणीतरी खो-खो हसायला लागलं. त्याला शेजाऱ्याने गप्प केलं. समितीबरोबर बंदोबस्ताला आत आलेला शिपाई सलग दुसरी पाळी करत होता. आता कुणीच कुठे जाऊ शकत नाही हे पाहून तो भिंतीला टेकला आणि बसल्या बसल्या झोपी गेला.

अधीक्षक माणूस पाठवून आले. शहरातला कुलूपवाला बाहेरगावी गेला होता. दुसरा होता, तो म्हणाला तुरुंगाचं कुलूप उघडायला मी येणार नाही, उद्या माझ्यावर बालंट यायचं. दार तोडायचं तर ती सरकारी मालमत्ता, कर्मचाऱ्यांनी तिला हात लावायला वरून परवानगी हवी. वरचे साहेब बैठकीत, त्यांचा फोन बंद.

"म्हणजे आम्ही इथे किती वेळ?" न्यायमूर्तींनी विचारलं.

"बैठक संपेपर्यंत."

"आणि बैठक कधी संपणार?"

अधीक्षकांनी आभाळाकडे बघितलं.

तेवढ्यात बहिणीच्या डोक्यात प्रकाश पडला. "अरे, आपला चावी आहे ना इथे!"

चावी हा तिच्या वर्गातला सगळ्यात गुणी विद्यार्थी. बारीक अंगाचा, मोठ्या कानांचा माणूस, आणि बंद दारं उघडण्याबद्दल पाचव्यांदा आत आलेला. तिच्या वर्गात त्याने सगळ्यांसमोर हात पुढे करून शपथ घेतली होती, की यापुढे परक्या कुलपाला बोट लावणार नाही. तिने त्या प्रसंगावर लेख लिहिला होता. आपलं म्हणणं खरं असल्याचा चालताबोलता पुरावा म्हणून ती भावाला सारखी त्याचंच उदाहरण द्यायची. आता तोच गर्दीतून वाट काढत पुढे आला आणि अदबीने उभा राहिला.

"अहो चावी, एवढं कुलूप उघडा बघू," ती म्हणाली.

चावीचा चेहरा पडला. "बाई, तुम्ही सांगताय हे? तुम्ही?"

"अहो, अडचण आहे म्हणून..."

"मागच्या वेळी मलाही अडचणच होती, बाई. तुम्हीच म्हणालात, मोह असाच येतो, चांगल्या कारणाचे कपडे घालून."

ते वाक्य खरंच बहिणीचं होतं आणि तिचं लाडकं होतं. न्यायमूर्ती पुढे झाले. "हे पाहा, मी तुम्हाला आदेश देतो. उघडा."

"साहेब, तुम्ही निवृत्त झालात ना?" चावी नम्रपणे म्हणाला. "आणि माझी चांगल्या वागणुकीची सूट चाललीय. उद्या कुणी म्हणालं याने तुरुंगात राहून तुरुंगाचं कुलूप फोडलं, तर मी काय सांगू?"

"सांगा, न्यायाधीशांनी सांगितलं!"

"असं पाचही वेळा कुणी ना कुणी सांगितलं होतं, साहेब. तुमच्यापैकी कुणी ऐकून घेतलं नाही."

"बघ," न्यायमूर्ती बहिणीकडे वळून दात-ओठ खात म्हणाले, "सुधारलंस ना याला! नको तेवढं सुधारलंस!"

"आता माझ्यावर ओरडू नकोस, दादा. दार तू ओढलंस."

"छबू, मी बंदोबस्त तपासत होतो!"

झालं. शब्द तोंडातून निसटला आणि सत्तर माणसांच्या कानांवर पडला. शेवटच्या ओळीतून हलकेच "छबूताई" असं ऐकू आलं आणि त्या दिवसानंतर तुरुंगात तिला कुणी दुसऱ्या नावाने ओळखलं नाही.

तिने मान ताठ ठेवली आणि चावीला बाजूला घेऊन बराच वेळ समजावलं. शपथ परक्या कुलपाची होती, हे तर तुमचंच कुलूप, तुम्ही रोज त्याच्या आत झोपता. हा मुद्दा चावीला पटला. अधीक्षकांनी "मी काही पाहिलेलं नाही" असं म्हणून तोंड फिरवलं. चावीने कुणाच्या तरी चपलेतली तार मागून घेतली, डोळे मिटले, कान कुलपाला लावला. बराक श्वास रोखून बघत होती. न्यायमूर्तीसुद्धा.

त्याने अर्धा तास खटपट केली. घाम पुसला. तार वाकडी केली, सरळ केली. शेवटी उठून उभा राहिला.

"नाही होत," तो म्हणाला.

"नाही होत म्हणजे? तुम्ही कुलपं फोडण्यात तरबेज ना?"

"तरबेज असतो तर पाच वेळा पकडला गेलो असतो का, साहेब?"

अध्यक्ष दंतवैद्य म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे."

झोपलेला शिपाई सोडला तर इतका वेळ सगळे उभेच होते. उभं राहायला जागा होती, बसायला नव्हती, आणि त्यात दोन जास्तीचे पाहुणे आणि एक पाहुणी. तेव्हा सूत्रं कंडक्टरने हातात घेतली. बाहेर असताना तो बसवर कंडक्टर होता आणि आत आल्यावर बराकीतल्या जागावाटपाचं काम आपोआप त्याच्याकडे आलं होतं.

"चला, आत सरका, आत सरका! दारात गर्दी करू नका! मागे भरपूर जागा आहे!" तो ओरडला. मागे तसूभर जागा नव्हती, पण त्याच्या आवाजात अशी काही जादू होती की माणसं खरंच आत सरकली. छबूताईंना त्याने दारापाशी, जिथे जरा वारा येई, तिथे घडी केलेली घोंगडी टाकून दिली. अध्यक्षांना कोपऱ्यात बसवलं. तिथे एकाने सहज विचारलं, "डॉक्टर, ही दाढ बघता का?" अध्यक्षांना नाही म्हणता येत नसे. ते बघायला लागले आणि बघता बघता त्यांच्यासमोर रांग लागली. तुरुंगात दातांचा डॉक्टर यायचा बंद होऊन दोन वर्षं झाली होती. "आ करा," अध्यक्षांचा आवाज येत राहिला, "अरेरे. पुढचे."

न्यायमूर्तींना कंडक्टरने विचारलं, "साहेब, झोपायचा नंबर लावू का?"

"दिवसाढवळ्या?"

"इथे पाळ्यांनीच झोपतात, साहेब. रात्री सगळे एकदम आडवे मावत नाहीत. निम्मे झोपतात, निम्मे भिंतीला टेकून बसतात. ज्यांची रात्रीची झोप हुकली ते आता. तुम्हाला सीनियर सिटिझनमधून देतो."

न्यायमूर्ती म्हणाले, मला असल्या सवलती नकोत. तासाभराने त्यांचे गुडघे बोलायला लागले तेव्हा म्हणाले, कायद्याने मिळते ती सवलत नसते, हक्क असतो, आणि आडवे झाले. एका कुशीवरच, कारण पाठीवर झोपायची तिथे पद्धत नव्हती, तेवढ्या जागेत दोन माणसं जातात. समोरच्या माणसाचा श्वास त्यांच्या नाकाला लागत होता, मागच्याचे गुडघे पाठीत. कंडक्टरने टाळी वाजवली की अख्खी ओळ एकदम कूस बदलायची. पहिल्या टाळीला न्यायमूर्ती उलट्या बाजूला वळले आणि शेजारच्याच्या नाकावर त्यांचं कपाळ आदळलं.

"माफ करा," न्यायमूर्ती म्हणाले. बायकोच्या आठवणीत त्यांनी हा शब्द कधी वापरला नव्हता.

"होतं नव्या माणसाचं," तो नाक चोळत म्हणाला.

उठल्यावर त्यांना निसर्गाने हाक मारली. त्यांनी त्या कमरेएवढ्या भिंतीकडे बघितलं, मग सत्तर माणसांकडे, मग कंडक्टरकडे.

"तशी सोय आहे, साहेब," कंडक्टर हलक्या आवाजात म्हणाला. "तुम्ही निर्धास्त जा. मंडळी, पाठ!"

सगळ्या बराकीने एकदम पाठ फिरवली, अध्यक्षांनी आणि आ केलेल्या रुग्णानेही, आणि सगळे खड्या आवाजात पाढे म्हणायला लागले. ही तिथली रीत होती. आत बसणाऱ्याला लाज वाटू नये, बाहेरच्यांना काही ऐकू येऊ नये. छबूताईही भिंतीकडे तोंड करून दोनाच्या पाढ्यात सामील झाली. न्यायमूर्तींना अनोळखी ठिकाणी वेळ लागायचा. पाढे सतरापर्यंत गेले, अठरापर्यंत गेले. एकोणिसाच्या पाढ्यात बराक अडखळली, वेगवेगळी उत्तरं यायला लागली आणि भिंतीआडून न्यायमूर्तींचा वैतागलेला आवाज आला, "एकोणीस सत्ते एकशे तेहेतीस!"

"आभारी आहोत, साहेब!" सत्तर जण म्हणाले.

ऊन कलायला लागलं तरी बैठक संपली नव्हती. छबूताई आता बोलायची थांबली होती. हे काही बरं लक्षण नव्हतं. न्यायमूर्ती तिच्याशेजारी जाऊन बसले. ती ओठ आवळून समोर बघत होती, पायाची अढी घट्ट.

"काय गं?"

"काही नाही."

"छबू."

"दादा, मला जायचंय," ती पुटपुटली. "सकाळपासून. आणि इथे मी नाही जाणार. पाढे म्हणा नाहीतर काहीही म्हणा."

न्यायमूर्तींनी तिच्याकडे बघितलं. लहानपणी शाळेच्या सहलीला हीच बहीण अशीच ओठ आवळून बसली होती आणि त्यांनी चालत्या गाडीच्या ड्रायव्हरशी भांडून गाडी थांबवली होती. तेव्हाही तिने त्यांचे आभार मानले नव्हते. ते उठले आणि दारापाशी गेले.

"अधीक्षक! हे दार आत्ताच्या आत्ता उघडलं पाहिजे."

"साहेब, परवानगी..."

"तुमच्या कारखान्यात लोखंड कापायचं यंत्र असेल ना?"

"गॅस कटर आहे. पण माझ्या माणसांना सरकारी दार कापता येत नाही. आणि ते चालवणारा वेल्डर आत तुमच्या मागेच बसलाय. कैद्याच्या हातात बराकीत कटर दिला तर माझी नोकरी जाईल."

"मी तुमचा कर्मचारी आहे का?"

"नाही."

"मी कैदी आहे का?"

अधीक्षकांनी क्षणभर विचार केला. "नाही. म्हणजे तसं नाही."

"मग माझ्याबद्दल नियम काय सांगतो?"

"तुमच्याबद्दल नियमच नाही, साहेब. आतापर्यंत असं कुणी केलं नाही."

"आणा कटर."

सिलिंडरची गाडी बाहेर उभी राहिली, नळ्या गजांतून आत आल्या. त्यांच्यामागोमाग काळा चष्मा, हातमोजे आणि चामड्याचा एप्रन आला. वेल्डर हात पाठीमागे बांधून, कशालाही न शिवता, शेजारी उभा राहिला आणि सांगायला लागला. न्यायमूर्तींनी आयुष्यात साधा बल्ब बदललेला नव्हता. पहिल्यांदा ज्योत लागली तेव्हा ते स्वतःच दोन पावलं मागे उडाले आणि मागची माणसं तिसऱ्या ओळीपर्यंत कोसळली.

"घाबरू नका, साहेब. हात हलू देऊ नका. हळूहळू खाली."

"मी घाबरलेलो नाही!" न्यायमूर्ती घाबरून ओरडले.

ठिणग्या उडायला लागल्या. बराकीत सगळ्यांनी एकमेकांचे हात धरले होते. चावी तर तोंड उघडं टाकून बघत होता, इतकी साधी गोष्ट आपल्याला कशी सुचली नाही असं काहीसं त्याच्या चेहऱ्यावर होतं. छबूताईने ते पाहिलं आणि नजरेनेच त्याला दम दिला. आधी कुलपाच्या दोन्ही बाजूंचे गज सुटले, मग कुलूप धाडकन खाली पडलं आणि दार करकरत उघडलं.

टाळ्यांचा जो कडकडाट झाला त्याने शिपाई जागा झाला. उघडं दार, समोर काळा चष्मा लावून पेटता कटर घेतलेला माणूस, मागे टाळ्या वाजवणारे कैदी, हे एका नजरेत पाहून त्याने शिट्टी फुंकली आणि न्यायमूर्तींना मिठी मारून पकडलं. "साहेब, पळून चालला होता!" तो अधीक्षकांना म्हणाला. त्या गोंधळात छबूताई सगळ्यांच्या बाजूने वाऱ्यासारखी निघून गेली. अधीक्षकांच्या ऑफिसपर्यंत ती धावत गेली, असं पाहणारे सांगतात. बराकीतून एकही माणूस बाहेर पडला नाही, कारण अध्यक्षांसमोरची रांग अजून संपली नव्हती आणि नंबर कुणालाच सोडायचा नव्हता.

घरी पोचल्यावर न्यायमूर्तींनी बायकोला सगळं सांगितलं. जळक्या शर्टाचा वास येत होता, भुवईचा एक कोपरा गेलेला.

"म्हणजे तुरुंग फोडलात तुम्ही?" बायको म्हणाली.

"परिस्थितीच तशी होती."

"आपली बाजू मांडा," बायको खुर्ची ओढून बसत म्हणाली. "पूर्ण संधी देते."

अहवालासाठी समितीच्या आठ बैठका झाल्या. शिक्षा कडक असावी की नाही, यावर भावंडांनी एकमेकांचे वाभाडे काढले आणि अध्यक्ष दोघांशीही सहमत झाले. न्यायमूर्ती आपल्या मतापासून हटले नाहीत. ते म्हणाले, मी माणसाला तुरुंगवासाची शिक्षा देत होतो, एका कुशीवर झोपायची नाही, तसं कलमच नाही. बहीण म्हणाली, मग इतकी वर्षं मी दुसरं काय सांगत होते? ते म्हणाले, तू फार लांबण लावून सांगत होतीस. शेवटी अहवाल निघाला तो चार गोष्टींपुरता. बराक जितक्यांसाठी बांधली तितकेच लोक तिच्यात ठेवा, ज्यांची प्रकरणं क्षुल्लक आहेत त्यांना जामिनावर सोडा, दातांचा डॉक्टर पाठवा, आणि संडास वाढवा, पूर्ण उंचीच्या भिंतींचे.

पहिल्या दोन गोष्टींवर विचार चालू आहे असं सरकारने कळवलं. दातांचा डॉक्टर म्हणून अध्यक्षच जायला लागले, कारण त्यांना पुन्हा विचारल्यावर नाही म्हणता आलं नाही. संडास मात्र खरंच झाले, चार नंबरच्या बराकीमागे ओळीने पाच. उद्घाटनाला समितीला बोलावलं. अधीक्षकांनी फीत बांधली होती, पहिल्या नंबरवर कंडक्टर उभा होता, त्याच्यामागे लांबलचक रांग.

न्यायमूर्तींनी फीत कापली, दार उघडून आत पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"आतून कडी?" ते म्हणाले. "कैद्यांच्या संडासाला आतून कडी? हा बंदोबस्त आहे का?"

"कडी नको तर दार कशाला लावलं?" छबूताई म्हणाली. "दादा, तूच अठरापर्यंत पाढे ऐकलेस ना!"

"एकोणिसापर्यंत. आणि तो मुद्दाच नाही. उद्या एखादा आत बसून बाहेरच आला नाही तर?"

"नाही आला तर नाही आला. त्याचा त्याला वेळ लागत असेल!"

"वेळेची मर्यादा हवी!"

"माणसाला मर्यादा असते, दादा, वेळेला नाही!"

"दोघांचंही बरोबर आहे," अध्यक्ष म्हणाले. अधीक्षक हळूच तिथून सटकले.

"ओ साहेब, ओ छबूताई," पायावर पाय घट्ट दाबून उभा असलेला कंडक्टर शेवटी कळवळून ओरडला, "दारात गर्दी करू नका! भांडण जरा पुढे सरकून करा!"